पुलियाच्या खालून आलेलं गाजर गवत : दक्षिण नागपुरातल्या एका नाल्याचं प्रकरण

"हे गवत आमच्या वावरात नोतं जी, बाई. तुमच्या लेआउटातून आलं."

आठवड्यातून दोनदा पालक, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर) घेऊन आमच्याकडे येणारे भाऊ फाटकाशी उभं राहून हे बोलले, तेव्हा त्यांचं बोलणं खोडून काढावं असंच मला आधी वाटलं. मी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. गाजर गवत वाऱ्यानं येतं, ते सगळीकडेच आहे, त्यात लेआउटचा काय दोष, असं मी म्हणाले. भाऊंनी एकच विचारलं, "हवेनं आलं असतं त नाल्याच्याच कडेनं काऊन? वरच्या धुऱ्यावर काऊन नाही?" धुरा म्हणजे वावराचा बांध.

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधायला दोन पावसाळे गेले.

जागा

बेसा-घोगलीच्या पलीकडे, आउटर रिंग रोडच्या आसपास, गेल्या पंधरा-वीस वर्षांत वावरांचे लेआउट होत गेले. नागपूरकरांना हा शब्द समजावून सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की शेतजमीन अकृषक करून तिचे प्लॉट पाडले, मधून मुरमाचे रस्ते टाकले, कडेला नाल्या काढल्या, की लेआउट झाला. घरं मात्र सावकाश येतात. आमच्याकडे अजून निम्म्याहून जास्त प्लॉट रिकामे आहेत. मालक पुण्याला, हैदराबादला, कुणी परदेशात. प्लॉटला सिमेंटचे चार खांब आणि तार, आत रान.

लेआउटच्या पूर्वेला एक नाला आहे. आमचा येण्याजाण्याचा रस्ता तो ओलांडतो. सिमेंटचे मोठे पाइप टाकून वर भराव केलेली ती पुलिया. तिच्या खालच्या अंगाला, साधारण एक किलोमीटरवर, भाऊंचं तीन एकर वावर नाल्याला लागून आहे. नाल्याकडच्या अर्ध्या भागात भाजीपाला, वरच्या भागात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर. नाला पुढे पोहरा नदीला मिळतो. म्हणजे वर आमची वस्ती, मध्ये पुलिया, खाली त्यांचं वावर. त्यांचा आरोप नकाशावर तरी सरळ रेषेत बसत होता.

गवताचा स्वभाव

गाजर गवताला आपल्याकडे काँग्रेस गवत असंही म्हणतात. ते मूळचं उष्ण अमेरिकेतलं, मेक्सिकोच्या परिसरातलं. भारतात ते तण म्हणून प्रथम डोळ्यांत आलं ते पुण्यात, १९५५-५६च्या सुमारास. अमेरिकेतून मदत म्हणून आलेल्या गव्हासोबत ते आलं, ही गोष्ट घराघरांत सांगितली जाते, पण वनस्पतिशास्त्राच्या जुन्या नोंदींत ते त्याच्या कितीतरी आधीही आढळतं. असो. समुद्र ओलांडून ते कसं आलं याची चर्चा आपण खूप केली. शेवटच्या एका किलोमीटरचा हिशेब मात्र सहसा कुणी मांडत नाही, आणि भाऊंचा प्रश्न त्या किलोमीटरचा होता.

एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया देतं. बी जेमतेम दोन मिलिमीटरचं, काळं. रुईच्या बीला असते तशी म्हातारी त्याला नसते. त्यामुळे साध्या वाऱ्यात ते आईच्या झाडापासून काही मीटरांवरच पडतं. वावटळीत लांब जाऊ शकतं, पण तो नेहमीचा मार्ग नव्हे. मात्र बीच्या दोन बाजूंना वाळलेल्या वांझ फुलांचे दोन हलके तुकडे चिकटलेले असतात. त्यांच्यामुळे बी पाण्यावर तरंगतं. इतकी वर्षं मी हे मुलांना फळ्यावर आकृती काढून दाखवत आले, आणि तरीही भाऊंना "वाऱ्यानं येतं" असं सांगून मोकळी झाले, याचं मला वाईट वाटलं.

आणखी दोन गोष्टी इथे लागतील. मातीत काही सेंटीमीटर गाडलं गेलेलं बी अनेक वर्षं जिवंत राहतं. उघड्यावर पडलेलं त्यामानानं लवकर मरतं. आणि रुजल्यापासून महिना-दीड महिन्यात झाड फुलावर येतं. ओल मिळाली तर वर्षात तीन-चार पिढ्या होतात.

पहिली फेरी : नाल्यानं वर आणि खाली

पहिल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस थोडा उघडल्यावर, भाऊ आणि मी नाल्याच्या काठानं चाललो. आधी त्यांच्या वावरापासून वर पुलियापर्यंत, मग पुलिया ओलांडून आणखी वर, जिथे अजून लेआउट पडलेले नाहीत तिथवर.

खालच्या अंगाला गाजर गवत जवळजवळ सलग होतं. पण ते सरसकट पसरलेलं नव्हतं. नाल्याच्या काठावर पुरानं काडीकचरा, प्लास्टिकच्या पन्न्या, वाळक्या पेंढ्या आणून टाकलेली एक रेघ असते. गवत त्या रेघेवर दाट होतं. रेघेच्या वर विरळ, आणि वरच्या धुऱ्यावर नव्हतंच. नाल्याला वळण असेल तिथे आतल्या बाजूला, जिथे पाणी मंद होऊन गाळ टाकतं, तिथे ते कमरेएवढं. भाऊंच्या वावरातही तसंच. पालकाच्या वाफ्यात ते शिरलं होतं ते नाल्याकडच्या कोपऱ्यातून, जिथे मोठ्या पावसात पाणी चढतं.

मग पुलियाच्या वर गेलो. तिथे नाल्यात बेशरम भरपूर, पाणकणीस भरपूर, काठावर घाणेरीच्या दोन-चार जाळ्या. गाजर गवत मात्र जवळजवळ नाही. पंधरा-वीस पावलांवर एखादं रोप, तेही गुरांच्या पाणंदीच्या तोंडाशी.

नाला तोच, पाणी तेच, वाराही दोन्हीकडे तोच. मधे फक्त रस्ता आडवा आला होता. भाऊ काही बोलले नाहीत. मला त्यांची माफी मागावीशी वाटली आणि मी मागितली.

पण रस्त्यावर ते आलं कुठून?

इथे हे प्रकरण माझ्यासाठी खरं सुरू झालं. लेआउटातून नाल्यात आलं हे पटलं, पण लेआउटात कसं आलं? ही जमीन दोन दशकांपूर्वी पऱ्हाटीची होती. ज्यांनी ती कसली त्यांच्यापैकी एक आजोबा अजून जवळच्या गावात राहतात. ते म्हणाले, गाजर गवत तेव्हा गावाजवळ, उकिरड्यावर दिसायचं, वावरात नाही. निंदणात निघून जायचं.

पहिला संशय गाड्यांवर गेला, आणि तो बिनबुडाचा नव्हता. जर्मनीत बर्लिनला संशोधकांनी मोठ्या रस्त्याच्या बोगद्यांत बिया पकडायचे सापळे ठेवले होते. बोगदा निवडण्यामागचा विचार फार चांगला आहे : आत झाडं नाहीत, वारा-पक्ष्यांचा संबंध नाही, तेव्हा तिथे जे बी पडेल ते गाडीनंच आणलेलं. २००७ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की सापळ्यांत दोनशेहून अधिक प्रजातींच्या बिया सापडल्या आणि त्यांतल्या साधारण निम्म्या परक्या मुलखातल्या होत्या. पुढच्या लेखात आणखी एक गोष्ट आली, शहरात येणाऱ्या लेनपेक्षा शहराबाहेर जाणाऱ्या लेनमध्ये बिया जास्त पडत होत्या. शहर बिया बाहेर पाठवतं. भाऊंनी फाटकाशी मला दुसरं काय सांगितलं होतं?

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात गाड्यांच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या चिखलातल्या बियांचा अभ्यास झाला. कोरड्या हवेत त्या बिया अडीचशे किलोमीटर धावल्यावरही बहुतेक जागेवरच राहिल्या. पाऊस आणि ओला रस्ता असला की मात्र त्या भराभर गळून पडल्या. हे वाचल्यावर मी आमच्या पुलियाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. पावसाळ्यात तिच्या दोन्ही तोंडांशी डबकं साचतं. प्रत्येक ट्रक, टिप्पर, मोटरसायकल तिथे हळू होते, चाक पाण्यात बुडतं, चिखल धुतला जातो. आमच्या रस्त्यावर बी उतरण्याची सगळ्यात सोयीची जागा नेमकी नाल्याच्या डोक्यावर आहे. थोडं अलीकडे एक वॉशिंग सेंटर आहे. तिथल्या गाड्या धुतलेल्या पाण्याची नाली थेट नाल्यात सोडली आहे, आणि त्या नालीच्या दोन्ही कडांना गाजर गवताची जणू कुंपणं आहेत.

तरीही फक्त चाकांनी एवढं आलं असेल, यावर माझा विश्वास बसेना. लेआउटात सगळ्यात दाट गवत जिथे होतं ते रस्ते सर्वात कमी वापरातले होते. मागच्या ओळीतल्या दोन रस्त्यांवर एकही घर नाही, दिवसाला दोन-चार गाड्याही जात नाहीत, आणि तिथे साइडपट्टीवर माणूस दिसेना इतकं गवत. गाड्यांचा सिद्धांत इथे अडत होता.

उत्तर मुरमात मिळालं. त्या दोन रस्त्यांवर त्याच्या आदल्या उन्हाळ्यात नवा मुरूम पडला होता. कुठल्या खदानीतून, ते विचारत मी तिथे पोहोचले. खोलातला मुरूम तसा स्वच्छ असतो. जमिनीखाली दहा-पंधरा फुटांवर गाजर गवताचं बी कुठून येणार? पण खदान सुरू करताना वरची माती खरडून कडेला ढीग लावतात, आणि काढलेला मुरूमही कित्येकदा एक पावसाळा उघड्यावर पडून राहतो. ते ढीग मी पाहिले. पायथ्यापासून माथ्यापर्यंत गाजर गवत, पांढऱ्या फुलांवर आलेलं. जेसीबीनं ढीग भरताना खालचा मुरूम आणि वरचं बी एकत्रच टिप्परमध्ये जातं. मग ते रस्त्यावर पसरतं, रोलरनं दाबलं जातं आणि कडेची सैल साइडपट्टी मोकळी राहते. हे बीला सांभाळून नेऊन पेरणं झालं. एका गाडीच्या चाकाला चिकटलेल्या चिमूटभर चिखलाची आणि एका टिप्परभर मुरमाची बरोबरी कशी होणार?

आमच्याकडे रस्त्याचा विचार करताना सगळे वाहतुकीचा विचार करतात. मला आता वाटतं, पहिला विचार बांधकामाचा करावा. रस्ता सुरू होण्याच्या आधी तो बी आणून ठेवतो. मग तो त्याला राहायला जागाही देतो. दुसऱ्या देशातली एक जुनी गोष्ट इथे आठवते. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात सिसिलीच्या एटना ज्वालामुखीच्या उतारांवरचं पिवळ्या फुलांचं एक झाड होतं. ते उद्यानातून निसटून गावाच्या भिंतींवर आलं. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि ते रुळांच्या खडीत शिरून बघता बघता देशभर पोहोचलं. गाडीच्या झोतानं बी पुढे ढकललं हे खरं, पण रुळांची ती काळी, निचऱ्याची खडी त्याला आपल्या गावच्या लाव्ह्यासारखी वाटली, हेही तितकंच खरं. आमच्या मुरमाच्या साइडपट्टीचं तसंच आहे. काळ्या मातीत तग धरलेलं मारवेल किंवा पवन्या गवत मुरमावर लवकर येत नाही. जागा उघडी, उन्हाची, कुणी स्पर्धक नाही. गाजर गवताला याहून काय हवं?

प्रत्येक झाडाची आपापली वाट

गाजर गवताच्या मागे लागल्यावर बाकीच्या झाडांच्या वाटाही दिसू लागल्या. त्या एकमेकींहून फार वेगळ्या आहेत, आणि "रस्त्यांमुळे तण पसरतं" अशा एका वाक्यात त्या मावत नाहीत.

बेशरम नाल्यानं येते, आणि बहुधा बीशिवाय येते. दक्षिण अमेरिकेतलं हे झाड कुंपणाला आणि काठ धरून ठेवायला म्हणून लावलं गेलं. फांदी तुटून वाहत गेली आणि गाळात अडकली की कांड्यांना मुळं फुटतात. म्हणून ती पुलियाच्या वरही आहे आणि खालीही. रस्त्याशी तिला घेणंदेणं नाही. उलट नाला साफ करायला जेसीबी येतो, तोडलेल्या फांद्या काठावर टाकून जातो, आणि पुढच्या पुरात त्या खाली जाऊन रुजतात. नाला दरवर्षी साफ होतो आणि बेशरम दरवर्षी खाली सरकते.

रानतुळस गुरांनी येते. तिच्या फुलाच्या देठाशी काटेरी पुष्पकोश असतो, तो गुरांच्या अंगाला आणि माणसांच्या कपड्यांना धरतो. बी ओलं झालं की सब्जासारखं बुळबुळीत होतं, आणि चिखलाबरोबर खुराला, चपलेला, टायरला चिकटतं. आमच्याकडे ती पाणंदीच्या दोन्ही कडांना आहे, जिथून गुरं रोज जातात, आणि तिथून दहा पावलं आत गेलं की संपते.

घाणेरी पक्ष्यांनी येते. १८०९ साली कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झुडूप म्हणून आलेली ही वनस्पती आज देशातल्या जंगलांना जड झाली आहे. व्याघ्र क्षेत्राच्या चाळीस टक्क्यांहून अधिक भागावर तिचं सावट असल्याचा अंदाज २०२०च्या अभ्यासात मांडला गेला. भाऊंच्या धुऱ्यावर ती कडुनिंबाखाली आहे आणि विजेच्या तारेखाली आहे. बुलबुल आणि साळुंक्या तिची काळी फळं खाऊन जिथे बसतात, तिथे खाली ती उगवते. तारेची सावली जमिनीवर पाहावी तशी तिची रांग दिसते. तिला ना चाक लागत, ना पाणी.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हा मुद्दा निघाला की कुणीतरी वन्यजीवांच्या मार्गांनाच बोल लावतं. नागपूरहून जबलपूरकडे जाताना पेंचच्या जंगलात राष्ट्रीय महामार्ग ४४ खांबांवर उचलला आहे. महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ जागा आहेत, त्यांतली सर्वात लांब ७५० मीटरची. डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी वाघासह अठरा प्रकारचे प्राणी खालून जाताना टिपले. तिथे मी उभी राहिले आहे, आणि तो रस्ता तसा बांधला याचा मला आनंद आहे. जंगलाला जोडणारा मार्ग वाघाला जगवतो. त्याच मार्गानं घाणेरीचं बी अस्वलाच्या, कोल्ह्याच्या पोटातूनही जातं. म्हणून मार्ग बंद करायचा नसतो. मार्गाच्या कडेची उकरलेली, उघडी पडलेली जमीन लवकर झाकायची असते. बी पोहोचणं आणि बी रुजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी आपल्या हातात जास्त आहे.

भाऊंच्या वावरातला दुसरा पुंजका

एक गोष्ट मात्र आमच्या नाल्याच्या हिशेबात बसत नव्हती. भाऊंच्या वावराच्या मधात, तुरीच्या तासांत, गाजर गवताचा एक पुंजका होता. तिथे पुराचं पाणी कधी चढत नाही. नाल्यापासून तिथपर्यंत गवताचा माग नाही.

मी विचारलं, इथे काय टाकलं होतं? भाऊ थोडा वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "शेणखत उतरवलं होतं जी. दोन ट्रॉल्या." शहरातल्या एका गोठ्यातून आणलेलं. गोठ्याच्या उकिरड्यावर लेआउटातलं कापलेलं गवतही पडतं. गुरं गाजर गवत सहसा खात नाहीत, चुकून खाल्लं तर दुधाला कडवट चव येते, पण गव्हाणीतून उरलेलं सगळं उकिरड्यावर जातं. खत नीट तापलं नसेल तर बी मरत नाही.

म्हणजे एका वाटेनं आम्ही त्यांच्याकडे पाठवलं होतं आणि दुसऱ्या वाटेनं त्यांनी स्वतः आणलं होतं. मी हे सांगताना जरा घाबरत होते. ते म्हणाले, "मंग दोन्ही बंद करू." त्या दिवसापासून त्यांनी बाहेरचं खत थेट वावरात पसरवणं थांबवलं. ते आधी धुऱ्याजवळ एका ठिकाणी उतरवतात, ओलं करून झाकून ठेवतात, त्यावर जे उगवेल ते रोपट्यातच उपटतात, मगच आत नेतात.

काय केलं, काय चुकलं

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लेआउटातल्या पंधरा-वीस लोकांनी मिळून रविवारी सकाळी गवत कापलं. उत्साह मोठा होता. पण तोवर झाडं फुलून बी धरलेली होती, आणि कापलेले भारे कुठे टाकायचे हे ठरलं नव्हतं म्हणून ते पुलियाजवळ, नाल्याच्या काठावर रचले. दोन दिवसांनी परतीचा पाऊस आला. त्या एका सकाळी आम्ही भाऊंच्या वावरात जेवढं बी पोहोचवलं तेवढं नाल्यानं आपलं आपण कित्येक महिन्यांत नेलं नसतं. शिवाय शेजारच्या काकूंच्या हातांना आणि मानेला खाजेचे चट्टे उठले, ते महिनाभर गेले नाहीत. या गवताची ॲलर्जी एकदा जडली की पुढे थोड्या संपर्कातही त्रास होतो. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकाला फडकं हे मी आधी सांगायला हवं होतं.

त्याच सुमारास कुणीतरी पुलियाच्या कडेला तणनाशक मारलं. पंधरा दिवसांत सगळं पिवळं पडून गेलं, आणि त्याबरोबर तिथे थोडं तग धरून असलेलं मारवेलही गेलं. जमीन उघडी पडली. हिवाळ्यातल्या एका अवकाळी सरीनंतर तिथे गाजर गवताचीच कोवळी रोपं गालिच्यासारखी उगवली.

दुसऱ्या वर्षी वेळ बदलली आणि जागा कमी केल्या. नागपुरात मोसमी पाऊस जूनच्या मध्याच्या आसपास येतो. पहिल्या सरींवर रुजलेलं गवत जुलैच्या शेवटी फुलायला लागतं. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे देशभर गाजर गवत जागृती सप्ताह १६ ते २२ ऑगस्टला असतो. जागृतीसाठी ती वेळ ठीक, पण आमच्या भागात उपटण्यासाठी ती उशिराची आहे, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. आम्ही जुलैचा पहिला आणि तिसरा रविवार धरला. जमीन ओली, झाड अजून जमिनीसरपट पानांच्या चकतीत, मुळासकट सहज निघतं. फुलावर यायच्या आधी उपटलेल्याचं खतही चांगलं होतं. ते आम्ही लेआउटातल्याच एका खड्ड्यात टाकलं, नाल्यापासून लांब.

सगळ्या लेआउटावर हात मारणं आमच्यानं होणार नव्हतं. रिकामे प्लॉट शेकड्यानं आहेत. म्हणून तीनच जागा निवडल्या : पुलियाची दोन्ही तोंडं, वॉशिंग सेंटरची नाली, आणि लेआउटातल्या नाल्या जिथे मुख्य नाल्यात उतरतात ते टोक. माझं म्हणणं सोपं होतं. प्लॉटातलं गवत प्लॉटात राहिलं तर आमचा त्रास. ते पाण्यात उतरलं तर खाली पोहरेपर्यंत सगळ्यांचा. रस्ता आणतो, पाणी वाटतं, आणि दोघांची गाठ ज्या दोन-चार ठिकाणी पडते ती ठिकाणं माणसांच्या हाताला पेलण्याएवढी लहान आहेत. काही शेजाऱ्यांना हे पटलं नाही. त्यांच्या घरासमोरचं गवत तसंच राहिलं, याचा त्यांना राग आला. तो राग मला समजतो.

उपटलेल्या जागा उघड्या ठेवायच्या नाहीत, हे आधीच्या वर्षी शिकलो होतो. तिथे आम्ही तरोटा टाकला, म्हणजे टाकळा. विदर्भात पावसाळ्याच्या तोंडावर तरोट्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी घरोघरी होते. हाच तरोटा गाजर गवताला दाबतो. तो लवकर आणि दाट उगवतो, सावली करतो, खाली गाजर गवताची रोपं खुरटतात. आदल्या डिसेंबरात शेंगा गोळा करून ठेवल्या होत्या, मे महिन्यात त्यांचं बी साइडपट्टीवर फेकलं. भाऊंनी नाल्याकडच्या काठावर मारवेलचे ठोंब लावले, पुराच्या रेघेच्या जरा वर, दोन ओळी. गुरांना चाराही होईल म्हणून.

मेक्सिकन भुंगेरे आणायचं मी मनात धरलं होतं. १९८०च्या दशकात बंगळुरूला आणून अभ्यासून सोडलेले हे भुंगेरे गाजर गवताची पानं खातात, आणि आता देशाच्या बऱ्याच भागांत आपोआप सापडतात. ऑगस्टमध्ये पाहिलं तर ते आमच्या लेआउटात आधीच होते. मागच्या ओळीतली काही झाडं त्यांनी पानं खाऊन नुसत्या काड्या करून ठेवली होती. पण तोवर त्या झाडांना फुलं येऊन गेली होती. त्यांचा उपयोग आहे, फक्त पुलियाशी थांबून गाडीच्या चाकाची वाट ते अडवणार नाहीत.

आत्ता

पुलियाच्या तोंडाशी यंदा तरोटा गुडघ्याच्या वर आहे. गाजर गवत मधूनमधून डोकं काढतं, ते येता-जाता कुणीही उपटतं. वॉशिंग सेंटरच्या मालकांनी नालीत एक गाळखड्डा करून घेतला, त्यात चिखल बसतो आणि दर महिन्याला निघतो. नालीच्या कडेचं कुंपण विरळ झालं आहे.

भाऊंच्या काठावर पुराच्या रेघेत अजून रोपं येतात. मातीत जे बी आधीच गाडलं गेलं ते वर्षानुवर्षं येत राहणार, हे त्यांना मी सांगितलं आहे. पण पालकाच्या वाफ्यात यावर्षी निंदणाच्या दोन फेऱ्या पुरल्या, पूर्वी चार लागायच्या, असं ते सांगतात. मारवेलच्या ओळींमागे ते जवळजवळ नाही. जिथे ठोंब मेले, तिथे आहे.

मागच्या महिन्यात लेआउटच्या पश्चिमेला नवा रस्ता निघाला. मुरमाचे टिप्पर यायला लागले तसे आम्ही तिघंजण ठेकेदाराच्या माणसाला भेटायला गेलो. खोलातला ताजा मुरूम द्या, पावसाळ्यात उघडा राहिलेला ढीग नको, एवढंच मागितलं. त्यानं आधी आमच्याकडे नवलानं पाहिलं. मग भाऊंनी त्याला टिप्परच्या फाळक्याशी नेलं, मुरमाच्या वरच्या थरातून मूठभर उचलून तळहातावर पसरलं आणि त्यातले काळे ठिपके बोटानं वेगळे करून दाखवले.

"हे मुरूम नाही जी," ते म्हणाले. "हे पेरणीचं बी आहे."

त्या दिवशीचे पुढचे चार टिप्पर खदानीच्या तळातून आले. पाचव्यावर वाळक्या गाजर गवताचे तुकडे दिसत होते. तो मात्र रिकामा होऊन गेला होता.

त्या जागेवर मी विटांची खूण करून ठेवली आहे. पहिली सर आली की तिथेच आधी पाहायचं.